सतरा इंची हिवाळा : एका स्पोर्ट्‌स कारच्या दुसऱ्या चाकांची निवड

(दृश्य : टायरच्या बाजूवर उठवलेली अक्षरे, अगदी जवळून.)

काळ्या रबरावर उठवलेली ही ओळ आहे ‘२०५/५५ आर १७ ९१ व्ही’. टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, त्याच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १७ इंच, एवढे त्या ओळीच्या पहिल्या भागातून कळते. ९१ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरने ६१५ किलोपर्यंत भार पेलावा असा होतो, आणि ‘व्ही’ हे अक्षर ताशी २४० किलोमीटरची वेगमर्यादा दाखवते. स्पोर्ट्‌स कारसाठी हिवाळी टायर घेणारा माणूस बहुधा ही ओळ सर्वांत आधी ठरवतो. वास्तविक ती सर्वांत शेवटी ठरायला हवी.

(दृश्य : जर्मनीतील स्टुटगार्टच्या वेशीवरील गॅरेज. लिफ्टवर चढलेली दोन आसनी गाडी.)

लिफ्टवर आहे ती पोर्शे केमन, पहिल्या पिढीची, २.७ लिटर इंजिनाची. इंजिन आसनांच्या लगेच मागे, गती मागच्या चाकांना, वजन सुमारे १३०० किलो आणि कमाल वेग ताशी २५८ किलोमीटर. ज्या कंपनीचे मुख्यालय याच शहराच्या त्सुफेनहाउझेन भागात आहे तिची ही गाडी असली, तरी या पिढीच्या केमनची जुळणी फिनलंडमधील उसिकाउपुंकी या गावी, व्हाल्मेट कंपनीच्या कारखान्यात होत असे. हिवाळी टायरही फिनलंडचाच. १९३४ साली तेथील एका रबर कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियन टायर्सच्या पूर्वजाने, बर्फावर चालणाऱ्या मालमोटारींसाठी खास टायर काढला आणि दोनच वर्षांनी, १९३६ साली, मोटारींसाठी ‘हाक्कापेलिटा’ हे नाव बाजारात आणले. ते नाव आजही विकले जाते. त्यामुळे बर्फात स्पोर्ट्‌स कार कशाला काढायची, असे जे लोक या गाडीच्या मालकाला विचारतात, त्यांना गाडीचे जन्मगाव सांगितले तरी पुरे.

(दृश्य : चारही चाके उतरलेली, भिंतीशी रचलेल्या १९ इंची रिम.)

गाडी ज्या चाकांवर गॅरेजमध्ये आली ती ही १९ इंची चाके, पुढे २३५/३५ आणि मागे २६५/३५. मूळ मालकाने जादा पैसे मोजून ती घेतलेली होती. पुण्याहून नोकरीसाठी येथे आलेल्या सध्याच्या मालकाने गाडी घेतली ती प्रामुख्याने या चाकांवर भाळूनच, हे ते स्वतः हसत सांगतात. येथे दुसरी चाके म्हणजे स्टेपनी नव्हे, कारण या गाडीत स्टेपनी नाहीच. पंक्चर झाल्यास भरायचे द्रावण आणि छोटा कॉम्प्रेसर एवढेच सामान कारखान्याने दिलेले आहे. दुसरी चाके म्हणजे टायर, रिम आणि बोल्टांसह चार चाकांचा वेगळा संच, जो ऑक्टोबरात बसतो आणि ईस्टरच्या सुमारास उतरतो.

जर्मनीत तारखेने बांधलेली सक्ती नाही. रस्त्यावर बर्फ, कडक गोठण, चिखलबर्फ किंवा दव गोठून आलेली निसरड असेल तेव्हा गाडीला योग्य टायर हवेत, असा नियम २०१० पासून स्पष्ट शब्दांत आहे. योग्य टायर कोणता, हे त्यावरच्या चिन्हाने ठरते.

(दृश्य : तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, टायरवरील चिन्ह.)

ते हे चिन्ह. पूर्वी ‘एम प्लस एस’ (इंग्रजीत मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) एवढी अक्षरे चालत, परंतु ती अक्षरे लावण्यासाठी कोणतीही ठरावीक चाचणी द्यावी लागत नसे. ३० सप्टेंबर २०२४ नंतर जर्मनीत केवळ या डोंगराच्या चिन्हालाच मान्यता उरली आहे. ते नसेल तर बर्फाळ रस्त्यावर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्ग येथील चालकांच्या गुन्ह्यांच्या नोंदवहीत एक दंडगुण, आणि वाहतूक अडवली तर ८० युरो.

(दृश्य : गाडीच्या नोंदणीचा कागद, बोट १५.१ आणि १५.२ या रकान्यांवर.)

निवडीची सुरुवात या कागदापासून होते. येथे पुढच्या आणि मागच्या आसासाठी टायरचा एकेक आकार छापलेला असतो, आणि तो वाचून पुष्कळ जण आपल्या गाडीला तेवढाच आकार चालतो असे समजून बसतात. कारखान्याने मान्य केलेले इतर आकार अनुरूपतेच्या प्रमाणपत्रात, म्हणजे गाडीबद्दल कारखान्यानेच दिलेल्या कागदात, असतात. या केमनसाठी १७ इंचांत पुढे २०५/५५ आणि मागे २३५/५०, १८ इंचांत पुढे २३५/४० आणि मागे २६५/४०, आणि १९ इंचांत गाडीवर होते तेच आकार मान्य आहेत. कागदाबाहेरचा आकार हवाच असेल तर रिमचे मान्यतापत्र घेऊन तपासणी संस्थेपुढे उभे राहावे लागते. ते न करता गाडी रस्त्यावर आणली तर तिचा परवाना आणि अपघातानंतरची विम्याची भरपाई, दोन्ही अडचणीत येतात.

(दृश्य : पुढचा ब्रेक. डिस्कवर पट्टी धरलेली. कॅलिपरवर रिम टेकवून पाहणारे हात.)

कागदानंतर ब्रेक. रिम जितकी लहान तितकी ती कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाच्या, जवळ येते, आणि ही जागा नुसत्या अंदाजाने ठरवता येत नाही. या गाडीची पुढची डिस्क २९८ मिलिमीटरची असल्यामुळे १७ इंची रिम तिच्यावरून सुखाने फिरते. याच पिढीच्या, जास्त ताकदीच्या ‘केमन एस’ गाडीची पुढची डिस्क ३१८ मिलिमीटरची आहे, म्हणून एकावर बसलेली रिम दुसऱ्यावरही बसेल असे न तपासता धरून चालू नये. ज्यांनी ३५० मिलिमीटरच्या सिरॅमिक डिस्क घेतल्या त्यांना १७ इंचांचा विचारच सोडावा लागतो. महागड्या ब्रेकमुळे हिवाळ्यातली सोयीची वाट बंद होते, ही गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो.

(दृश्य : रिम उलटी ठेवलेली. आऱ्याच्या मागे कोरलेले आकडे, कापडाने पुसून स्पष्ट केलेले.)

आता रिमची पाठ पाहू. ‘६.५ जे × १७’ म्हणजे रिमची आतली रुंदी साडेसहा इंच, तिच्या काठाचा आकार ‘जे’ प्रकारचा आणि व्यास १७ इंच. शेजारी ‘ईटी ५५’ असे लिहिले आहे. रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणारा तिचा चेहरा ५५ मिलिमीटर बाहेरच्या बाजूस आहे, असा त्याचा अर्थ. हा आकडा जेवढा लहान तेवढे चाक बाहेर येते आणि मडगार्डच्या कडेला लागण्याची शक्यता वाढते. जेवढा मोठा तेवढे ते आत, सस्पेन्शनकडे सरकते. मागच्या रिमवर ‘८ जे × १७, ईटी ४०’ आहे. पाच बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधले भोक ७१.६ मिलिमीटरचे. दुसऱ्या गाडीची सुंदर रिम स्वस्तात मिळत असली, तरी यांतला एकही आकडा चुकत असेल तर ती विकत न घेतलेलीच बरी.

(दृश्य : दोन चाके शेजारी शेजारी, १९ इंची आणि १७ इंची. मोजपट्टी.)

दोन्ही चाके शेजारी उभी केली की रिममध्ये दोन इंचांचा फरक असूनही बाहेरची उंची जवळजवळ सारखी दिसते, आणि आकार निवडण्याचे गणित नेमके येथे आहे. मागच्या १९ इंची चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर आहे आणि १७ इंची चाकाचा ६६७. पुढे मात्र १९ इंचांत ६४७ आणि १७ इंचांत ६५७, म्हणजे दहा मिलिमीटरचा फरक पडतो. रिममधून कमी झालेली उंची रबराच्या बाजूने भरून काढली आहे. पुढच्या टायरची बाजू ८२ मिलिमीटरवरून ११३ मिलिमीटर होते. गोठून उखडलेल्या रस्त्यावरचा खड्डा आणि बर्फाखाली दडलेला फुटपाथचा काठ या दोन्हींच्या वेळी रिम आणि दगड यांच्यामध्ये तीन सेंटिमीटर जास्त रबर आणि हवा असते.

व्यास सांभाळायचा तो केवळ स्पीडोमीटरसाठी नव्हे. युरोपच्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, म्हणून मनाला येईल तेवढे मोठे चाक बसवता येत नाही, हे खरेच. परंतु चाके किती वेगाने फिरत आहेत हे मोजूनच एबीएस आणि घसरण रोखणारी यंत्रणा आपले निर्णय घेतात. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या व्यासांची असलेल्या गाडीत या दोन व्यासांचे नाते महत्त्वाचे ठरते. कारखान्याने १७ची आणि १९ची जोडी स्वतंत्रपणे मान्य केली आहे. पुढे एका जोडीतले आणि मागे दुसऱ्या जोडीतले टायर लावणे, किंवा चारही कोपऱ्यांना २०५ लावून पैसे वाचवणे, हे त्या मान्यतेत बसत नाही.

(दृश्य : श्वेबिशे आल्ब या डोंगराळ प्रदेशाचा चढ, महामार्ग आठ. मालमोटारींच्या चाकांखाली चिखलबर्फ.)

स्टुटगार्ट शहर एका खोलगट खोऱ्यात वसलेले आहे. तेथे हिवाळाभर बहुधा पाऊस आणि तीन-चार अंशांचा गारठा असतो. परंतु उल्मच्या दिशेने निघून हा चढ चढला की रस्त्याचा रंग बदलतो. येथे अरुंद टायरचे काम दिसते. गाडीचा भार तोच असला तरी अरुंद टायरचा जमिनीला टेकणारा ठसा आखूड आणि रुंद न राहता लांबट होतो, समोरचा चिखलबर्फ बाजूला सारायला त्याला कमी रुंदीची वाट काढावी लागते, आणि म्हणून तो त्या थरावर तरंगायला उशिरा लागतो. नक्षीतील शेकडो बारीक चिरा वळणात आणि ब्रेक लावताना उघडून बर्फाला पकडतात. खाचांत दाबून बसलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, म्हणून हिवाळी टायरच्या खाचांत बर्फ भरलेला असणे हे दोषाचे लक्षण नाही.

रबराचे मिश्रणही वेगळे असते. उन्हाळी टायर थंडीत कडक होतो आणि हिवाळी टायर मऊ राहतो. सात अंशांखाली बदला, असा जो ठोकताळा सांगतात त्यामागचे कारण हे आहे. कोरड्या थंड महामार्गावर मात्र रुंद टायर ब्रेकला आणि वळणाला अधिक चांगला, हेही तेवढेच खरे. ज्यांची गाडी खोऱ्याबाहेर जातच नाही त्यांनी १८ इंच घेतले तर त्यांना चुकीचे म्हणता येणार नाही. तरीही रुंदी हवी असते ती बहुधा गाडी उभी असताना दिसण्यासाठी. मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी या चढावर अडकते तेव्हा तो दिखाऊपणा उपयोगी पडत नाही, असे आमचे मत आहे, आणि मालकानेही १७च घेतले.

(दृश्य : टायर मशीनवर. बाजूवरील ‘एन’ अक्षर, शेजारी चार आकडे.)

टायर निवडला तो आता, या टप्प्यावर. ‘एन’ आणि त्यापुढचा आकडा हे पोर्शेने त्या टायरची आपल्या गाड्यांवर चाचणी घेतल्याचे चिन्ह आहे. पहिली आवृत्ती ‘एन शून्य’, सुधारलेली ‘एन एक’. शेजारच्या चार आकड्यांतील पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. फिरण्याच्या दिशेचा बाणही येथेच असतो. एखाद्याच टायरचा बाण उलटा बसल्यास तो टायर रिमवरून काढून पुन्हा चढवण्यावाचून इलाज उरत नाही, आणि ती मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

मागचा टायर २३५/५० आर १७ ९६ व्ही, म्हणजे एकाला ७१० किलोपर्यंत भार. गाडी २५८ने धावू शकते आणि टायर २४०पर्यंतचा आहे. हिवाळी टायरला नियमाने ही सवलत आहे, परंतु त्यासाठी चालकाच्या नजरेसमोर मर्यादेची खूण लावावी लागते.

(दृश्य : वेगमापकाच्या शेजारी ‘२४०’ची गोल चिकटपट्टी लावणारे बोट.)

(दृश्य : तारेच्या ब्रशने हब घासणे. टॉर्क पान्याचा ‘टक्‌’ असा आवाज.)

हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर टेकते त्या गाडीच्या भागावरचा, गंज घासून काढला नाही तर चाक सपाट टेकत नाही. बोल्टांचे बूड गोलाकार आहे आणि ते कारखान्याच्या रिमसाठी घडवलेले आहे. निमुळत्या बुडाचा बोल्ट या भोकात आवळला जातो, पण बसत नाही. पाचही बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने आणि अखेरीस टॉर्क पान्याने १३० न्यूटनमीटरपर्यंत. हवेच्या बंदुकीने शेवटचा पीळ देण्याची सवय येथील चांगला कारागीर कटाक्षाने टाळतो. सुमारे पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा सगळे बोल्ट तपासून घ्यायचे असतात.

बर्फात चाकांना गुंडाळायच्या साखळ्या लावायची वेळ आलीच तर त्या मागच्या चाकांना, आणि गाडीच्या पुस्तिकेत ज्या आकारावर परवानगी दिली आहे त्याच आकारावर. स्कीसाठी ऑस्ट्रियात जाणाऱ्यांनी १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी रस्त्यावर नक्षीची खोली किमान ४ मिलिमीटर लागते हे लक्षात ठेवावे. जर्मनीत कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात, पण बर्फाला पुरत नाहीत.

(दृश्य : १९ इंची चाके धुऊन, खडूने खुणा करून, फडताळावर.)

उतरलेल्या चाकांवर पुढचे डावे, मागचे उजवे अशी नोंद खडूने केली आहे. धुताना मागच्या दोन्ही टायरची नक्षी आतल्या कडेला जास्त झिजलेली आढळली, म्हणून वसंतात ही चाके पुन्हा चढवण्यापूर्वी चाकांचे कोन तपासून घेण्याचे आणि मागची जोडी बदलण्याचे काम गॅरेजने आताच वहीत लिहून ठेवले आहे.