साखर, पाणी आणि जाळ: नागपूरच्या गाठ्या

(दृश्य: इतवारीतली सकाळ. दुकानांच्या दांड्यांवर पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या माळा.)

फाल्गुन लागला की इतवारी, महाल, मस्कासाथ इथल्या दुकानांवर गाठ्या लटकू लागतात. पुण्या-मुंबईकडे साखरेची गाठी म्हटली की गुढीपाडवा आठवतो. विदर्भात तिचा मान पंधरा दिवस आधीच सुरू होतो, होळीला. शेणाच्या चाकोल्यांची, म्हणजे छोट्या गोवऱ्यांची, माळ होळीत जाते आणि साखरेची माळ पोरांच्या गळ्यात. मामा आणतो, आत्या आणते, शेजारच्या काकूही आणतात. रंग खेळता खेळता गळ्यातलंच एक पदक मोडून तोंडात टाकायचं. हिरवं-जांभळं झालेलं असलं तरी.

(दृश्य: कारखाना. मोठी कढई, भट्टीचा जाळ.)

कारखाना म्हणजे एक खोली, एक भट्टी आणि चार माणसं. मालाची यादी तर त्याहून छोटी: साखर, पाणी, थोडं दूध.

पाकाला उकळी फुटली की दूध पडतं, पण ते चवीसाठी नसतं. दुधातली प्रथिनं तापली की गोठतात आणि साखरेतला बारीक कचरा धरून वर येतात. वर राखाडी फेस जमतो. ही मळी. झाऱ्यानं ती काढत राहायची, खालचा पाक आरशासारखा नितळ दिसेपर्यंत.

मग तार. कारागीर पाकाचा थेंब अंगठा आणि बोटात धरून ताणतो. तापमापक इथे कुणी वापरत नाही, बोटंच सांगतात. तार जमली की पाक लाकडी उलथण्यानं कढईच्या कडेला घासायचा. हे घोटणं म्हणजे सगळ्या कामाचा जीव. घासलेल्या जागी साखरेचे कण बांधायला लागतात, ते कण पाकात मिसळले की आणखी कण तयार होतात आणि बघता बघता नितळ पाक दुधाळ होतो. कमी घोटलं तर गाठी चिकट राहते. जास्त घोटलं तर पाक कढईतच बसतो.

“घाई केली का फसलंच समजा जी,” भट्टीवरचे काका सांगतात. नजर कढईवरून हलत नाही.

(दृश्य: साचे, अगदी जवळून.)

साचा लाकडाचा. दोन फळ्या, आत कोरलेली फुलं, पानं, मधलं मोठं पदक. साचे आधी पाण्यात भिजवून ठेवतात, कारण ओल्या लाकडाला साखर चिकटत नाही. खाचेत दोरा घालायचा, फळ्या घट्ट आवळायच्या, वरून पाक ओतायचा. थोड्या वेळानं फळ्या उघडतात आणि दोऱ्यात ओवलेली अख्खी माळ बाहेर येते. अजून कोमट असते. कडेला सांडलेली साखर सुरीनं तासून काढतात.

नागपूरची मार्चमधली कोरडी हवा या धंद्याला मानवते. साखर हवेतला ओलावा ओढते, म्हणून हेच काम पावसाळ्यात काढलं तर माळा घामेजतील.

(दृश्य: काचेच्या बरण्या. संत्रा गोळ्या.)

शेजारच्या बरणीतली संत्रा गोळीही साखरेचीच, पण वेगळ्या जातीची. तिच्यासाठी पाक १५० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात, पाणी जवळजवळ उडून जातं. ग्लुकोज घातल्यानं कण बांधायला वाव राहत नाही आणि पाक थिजून पारदर्शक, काचेसारखा कडक होतो. म्हणून गोळी चघळायची, आणि गाठी? दातांखाली धरली की भुगा.

पार्लेचा गोळ्यांचा कारखाना १९२९ साली मुंबईत उभा राहिला, आणि तेव्हापासून संत्रा गोळी घरोघरी पोचली. गंमत अशी की ज्या शहराच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथली पोरंही वर्षानुवर्षं अशा गोळ्या चघळत आली, ज्यांत बहुतेकदा संत्रं नसतंच. सायट्रिक आम्ल, रंग आणि वास, बस्स. खरं संत्रं हवं तर संत्रा बर्फी घ्यावी. नाहीतर होळीच्या सुमाराला मृग बहाराची संत्री बाजारात असतातच, ती सोलावीत.

(दृश्य: ठेल्यावर रेवड्या. मग जत्रेतली गुलाबी साखर.)

रेवडीचा पाक खुंटीवर टाकून ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात. प्रत्येक ओढीला हवेचे बारीक बुडबुडे आत शिरतात, रंग उजळतो आणि रेवडी खुसखुशीत होते. बुढ्ढी के बाल मात्र यंत्राचे. ते यंत्र १८९७ मध्ये अमेरिकेत तयार झालं आणि ते बनवणाऱ्या दोघांपैकी एक दातांचा डॉक्टर होता! त्या गुलाबी रंगाची मात्र चौकशी करून घ्यावी. रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडल्यावर तामिळनाडूनं २०२४ मध्ये रंगीत कापूसकँडीवर बंदी घातली होती.

(दृश्य: पुन्हा कारखाना. माळा वजनावर.)

गाठीची चव एकच, गोड. ना वेलची, ना केशर, ना आत काही भरलेलं. तरी माणसं दरवर्षी घेतात, आणि आमच्या मते पांढरीच घ्यावी. तिच्यात घोटणाऱ्याचा हात कळतो. रंगीत गाठीत तो झाकला जातो. घरी उरलेल्या माळा उन्हाळ्यात लिंबाच्या सरबतात जातात, काही चहात.

कारखान्यातही काही वाया जात नाही. तुटलेली पदकं, तासलेली साखर, सगळं पुन्हा पाण्यात विरघळून कढईत पडतं. फक्त रंगीत तुकडे वेगळ्या डब्यात. एखादा लाल तुकडा चुकून पांढऱ्या घाण्यात गेला तर अख्खा घाणा गुलाबी निघतो, आणि मग तो गुलाबी म्हणूनच विकावा लागतो.