विभाग चालतो कुणाच्या वेळेवर?

(विज्ञान महाविद्यालयातल्या नव्या विभागप्रमुखांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या हाती विभागाची सूत्रं नुकतीच आली आहेत, आणि ती तुम्ही मागून घेतली असतील असं मला वाटत नाही. एकाची पाळी होऊन गेली होती, दुसऱ्यानं नाही म्हटलं, म्हणून तुम्ही. तेव्हा नेतृत्व, दूरदृष्टी वगैरे आज बाजूला ठेवू. मी वेळापत्रकाबद्दल बोलणार आहे.

विभागप्रमुखाला अधिकार फार थोडे, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. पगार तुम्ही ठरवत नाही, बढती समिती ठरवते. कायम झालेल्या प्राध्यापकानं तुमचं ऐकलं नाही, तर पुढे करण्यासारखं फारसं काही नसतं. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांत असं नव्हतं. विषयाचं एक पीठ, त्यावर एक प्राध्यापक, आणि सगळी संस्था त्याच्या हाताखाली. आज विभागात समान दर्जाचे अनेक जण असतात आणि बऱ्याच ठिकाणी प्रमुखपद काही वर्षांनी फिरतं. आज ज्याला तुम्ही सकाळचा पहिला तास देता, तोच उद्या तुमचं वेळापत्रक लावणार. ही पद्धत मला जुनीपेक्षा बरी वाटते. पण मग हातात खरं उरतं ते एवढंच, की कुणाचे तास कुठे जाणार. पैशाचं अंदाजपत्रक वरून येतं, तासांचं तुम्ही करता. आणि गंमत अशी की ते बहुतेक विभागांत कुठेही लिहिलेलं नसतं.

एक हिशेब मांडू. पहिल्या वर्षाला 240 विद्यार्थी आहेत. त्यांना एका मोठ्या सभागृहात आठवड्याला चार लेक्चर. म्हणजे शिक्षकाचे चार तास. आता प्रात्यक्षिकं. वीस-वीसच्या बारा बॅच, प्रत्येकी तीन तास, प्रत्येक बॅचला दोन शिक्षक. झाले बहात्तर तास. शिवाय प्रयोगशाळा एकच असेल, तर आठवड्याचे पाच दिवस सकाळ-दुपार धरून दहाच सत्रं मिळतात, आणि बॅच आहेत बारा. वरून सूचना येते, ‘बॅच चोविसाची करा.’ कागदावर प्रश्न सुटतो. दहा बॅच, दहा सत्रं. पण उपकरणं तेवढीच राहतात. जिथे दोघं काम करत होते तिथे तिघं उभे राहतात, आणि तिसरा वर्षभर फक्त रीडिंग लिहून घेतो. एकही सत्र रिकामं नसल्यामुळे द्रावणं कधी बनवायची, बिघडलेला वर्णपटमापी कधी उघडायचा, याला प्रयोगशाळा सहाय्यकाकडे उत्तर नसतं. तो संध्याकाळी थांबतो. त्याचे ते तास कुणाच्याच तक्त्यात येत नाहीत.

यात आणखी एक मेख आहे. अनेक संस्थांत प्रात्यक्षिकाचा तास लेक्चरच्या तासापेक्षा कमी भाराचा धरतात. परिणाम ठरलेला. ज्येष्ठ मंडळी हळूहळू लेक्चरकडे सरकतात आणि प्रयोगशाळा नव्या, तात्पुरत्या शिक्षकांकडे जाते. विद्यार्थी विज्ञान हातानं शिकतो ती जागा विभागातल्या सर्वांत अननुभवी माणसाकडे, हे कुणी ठरवून करत नाही, वेळापत्रक करतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग 1824 साली गीसेनच्या विद्यापीठात गेले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत बसवून रसायनशास्त्र शिकवण्याची पद्धत घडवली. 1831 मधलं त्यांचं पाच फुग्यांचं काचेचं उपकरण त्यासाठी फार महत्त्वाचं ठरलं. सेंद्रिय पदार्थातला कार्बन मोजणं त्यानं इतकं सोपं केलं की जे काम निष्णात माणसाचं होतं ते शिकाऊ विद्यार्थीही करू लागले. म्हणजे शिकवण्याजोगी रीत आधी बसवली, मग गर्दी वाढवली. आपण नेमकं उलटं करतो.

लेक्चरचा तास तरी सारखा असतो का? तोही नाही. पाचव्यांदा शिकवायचा अभ्यासक्रम आणि पहिल्यांदा शिकवायचा, यांत तयारीचा फरक कितीतरी पट असतो. म्हणून नव्यानं रुजू झालेल्या माणसाला एकाच सत्रात तीन नवे विषय देऊ नका. त्याला पहिल्या वर्षी कमी तास आणि पुढच्या दोन वर्षी तेच विषय द्या. ज्येष्ठ कुरकुरतील. कुरकुरू द्या.

मग येतं न दिसणारं काम. परीक्षांचं नियोजन, प्रवेश, अभ्यासक्रम समिती, रडत आलेल्या विद्यार्थ्याशी बोलणं. हे कोण करतं? अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 सालचा अभ्यास प्रत्येक विभागप्रमुखाला ठाऊक असावा. बढतीला उपयोग नसलेल्या कामासाठी गटातल्या कुणीतरी एकानं पुढे यायचं, असे प्रयोग त्यांनी केले. मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त वेळा पुढे आल्या, आणि अशी विनंतीही स्त्रियांनाच जास्त केली गेली. पण गट फक्त पुरुषांचा किंवा फक्त स्त्रियांचा केला, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे हा स्वभावाचा मामला नाही. कुणी उठावं अशी अपेक्षा आहे, यावर सगळं ठरतं. तेव्हा बैठकीत ‘हे कोण करील?’ असं विचारून गप्प बसू नका. त्या शांततेत नेहमीचीच व्यक्ती हात वर करते. पाळी लावा, यादी भिंतीवर लावा. यादी लागली की वाद होतील, पण ते आकड्यांवर होतील, मनातल्या अढीवर नाही.

गणित विभागाचं दुखणं थोडं वेगळं. त्यांचे स्वतःचे विद्यार्थी थोडे, पण भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, संगणक, सगळ्यांच्या विद्यार्थ्यांना गणित तेच शिकवतात. निधी आणि पदं विभागाच्या पदवीधरांच्या संख्येवर ठरत असतील, तर हे काम फुकटात जातं. शेवटी गणितवाले दुर्लक्ष करू लागतात, आणि जीवशास्त्र विभाग ‘जीवशास्त्रासाठी गणित’ स्वतःच शिकवायला घेतो. दोघांचेही तास वाया. दुसऱ्या विभागाला दिलेले तास त्यांच्या नावावर लिहून मिळालेच पाहिजेत, एवढी मागणी अधिष्ठात्यांकडे सगळ्यांनी मिळून करा.

तासांचा सर्वांत मोठा निर्णय म्हणजे रिकामं पद, कारण एका नेमणुकीत तुम्ही एका माणसाची कदाचित तीस वर्षं ठरवता. निवृत्त झालेल्या माणसासारखाच माणूस शोधायचा, ही विभागाची पहिली प्रतिक्रिया असते. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची कीर्ती अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या काळात अणुकेंद्राच्या भौतिकीसाठी होती. 1937 मध्ये ते गेले आणि 1938 मध्ये लॉरेन्स ब्रॅग त्या जागी आले. त्यांचं क्षेत्र वेगळंच, क्ष-किरण स्फटिकशास्त्र, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून पदार्थाची आतली रचना शोधणं. जुनी कीर्ती टिकवत बसायचा मोह त्यांनी टाळला. हिमोग्लोबिनची रचना शोधणारे मॅक्स पेरुट्झ आणि आकाशातल्या रेडिओलहरी टिपणारे मार्टिन राइल, दोघांनाही त्यांच्या काळात वाव मिळाला. पेरुट्झ यांना पाठिंबा देणं ब्रॅगना जड गेलं नसणार, ते काम त्यांच्याच तंत्राचं होतं. राइल यांचं मात्र तसं नव्हतं, आणि मला त्याचं जास्त मोल वाटतं. पेरुट्झ यांच्याच गटात 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. राइल यांना 1974 मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा ब्रॅग हयातही नव्हते. प्रमुखाच्या निर्णयाचं मोजमाप त्याच्या कारकिर्दीत होतच नाही.

मोजमापाचा विषय निघालाच आहे, तर एच-निर्देशांकाबद्दल. संशोधकाच्या निदान दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा वेळा संदर्भ मिळाला, पण अकरा निबंधांना अकरा वेळा नाही, तर त्याचा निर्देशांक दहा. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो 2005 मध्ये सुचवला आणि पाहता पाहता तो प्रत्येक अर्जावर आला. गणितज्ञ आणि रेण्वीय जीवशास्त्रज्ञ यांना त्या एका आकड्यावर शेजारी उभं करू नका. गणितात शोधनिबंध कमी निघतात, संदर्भ सावकाश जमतात, आणि लेखकांची नावं सहसा वर्णानुक्रमे येतात. जीवशास्त्रात शेवटचं नाव बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. विज्ञान महाविद्यालयाच्या निवड समितीत हे समजावून सांगायला तुम्हीच असता, दुसरं कुणी नसतं.

सुरक्षेसाठीही तास लागतात, आणि ते सर्वांत आधी कापले जातात. डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट 1996 मध्ये डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब पडले. त्या काळी सांगितलेली काळजी त्यांनी घेतलेली होती. हे द्रव्य लॅटेक्सच्या हातमोज्यातून काही सेकंदांत आत जातं, हे नंतरच्या चाचण्यांत कळलं. जून 1997 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नियम पाळणाऱ्या, अनुभवी माणसाच्या बाबतीत हे घडलं. म्हणून नियमावली कपाटात असणं पुरेसं नाही. ती दर वर्षी बसून तपासायला कुणाचे तरी तास राखून ठेवावे लागतात, आणि ते तास त्या व्यक्तीच्या कार्यभारात मोजावे लागतात.

शेवटी, पद सोडण्याबद्दल. त्याची तयारी आजच सुरू करा. एक फाइल ठेवा. कुठल्या उपकरणाचा देखभाल करार कधी संपतो, कोणता अभ्यासक्रम कुणी किती वर्षं शिकवला, कुणाची अभ्यासरजा कधी येते, आणि नव्या माणसाला रुजू होताना काय काय कबूल केलं. हे शेवटचं विशेषतः. ‘दोन वर्षांनी तुला स्वतंत्र प्रयोगशाळा देऊ’ असं एक प्रमुख बोलून जातो आणि दुसरा प्रमुख म्हणतो, मला माहीत नाही. असं जे काही कबूल कराल ते त्याच दिवशी, तारीख घालून, दोघांच्या सहीनं लिहून ठेवा.

आता प्रश्न घेऊ.