नाकाच्या वाटेने पिट्युटरीपर्यंत

दोन भुवयांच्या मधोमध बोट ठेवा आणि तिथून सरळ आत चला, कवटीच्या साधारण मध्यावर हाडाच्या एका खळग्यात वाटाण्याएवढी ग्रंथी बसलीय, पिट्युटरी. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण उंची, पाळी, थायरॉइड, सगळी सूत्रं हिच्याकडे.

हिला गाठ झाली आणि ती वर वाढली की डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात. समोरचं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं, माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटतो आणि चष्म्याचा नंबरच बदलत बसतो. काहींची गाठ वाढीचं हार्मोन जास्त सोडते, मग अंगठी बोटात जाईनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो, आणि वर्षानुवर्षं घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

ही गाठ काढायची नाकाची वाट तशी जुनीच. १९०७ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला सर्जन हर्मन श्लोफर पहिल्यांदा या वाटेने गेले, पण त्यासाठी नाकच कापून बाजूला वळवावं लागलं. मग अमेरिकेत हार्वी कुशिंग वरच्या ओठाखालून जायला लागले आणि पुढे तेच ही वाट सोडून कवटी उघडण्याकडे वळले. वाट मोडायचीच, पण त्यांच्याकडे शिकलेल्या एडिंबराच्या नॉर्मन डॉटनी ती धरून ठेवली, डॉटकडून पॅरिसचे गियो शिकले, गियोंकडून मॉन्ट्रियलचे हार्डी, आणि हार्डींनी तिथे मायक्रोस्कोप आणला. नव्वदच्या दशकात दुर्बीण आली.

आता ऑपरेशन थिएटरमधल्या स्क्रीनकडे बघा. दुर्बीण फक्त ४ मिलिमीटर जाड, चेहऱ्यावर एक टाका नाही. नाक-कान-घशाचे सर्जन दुर्बीण धरतात म्हणून न्यूरोसर्जनचे दोन्ही हात मोकळे. डावी-उजवीकडे मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरॉटिड धमन्या आहेत, त्यामुळे इथे घाई नाहीच, हाड ड्रिलने पापुद्र्याएवढं पातळ करत आणायचं आणि मग हलकेच उचलायचं. गाठ बहुतेकदा मऊ असते, थोडी थोडी खरवडून निघते. आणि हे बघा, ग्रंथीच्या वरचा, गाठीने ताणलेला पडदा हळूहळू खाली उतरला, नाडीच्या ठेक्यावर हलायला लागला. नसांवरचा दाब गेला!

मेंदूभोवतालचं पाणी झिरपू नये म्हणून गरज पडली तर पोटाची थोडी चरबी किंवा नाकातल्या पडद्याचाच तुकडा वळवून तिथे लावतात. नंतर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून. लघवी मोजत राहतात, कारण पाण्याचा हिशेबही हीच ग्रंथी ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पेशंटला सांगतात, माझ्या नाकाकडेच बघा, आणि बाजूला हात नेऊन विचारतात, किती बोटं?