मॉरिशसचं जंगल आणि तिखटमीठ लावलेला पेरू

हे मॉरिशसच्या दक्षिणेकडचं पठार, प्लेन शॅम्पेन, आणि रस्त्याच्या कडेला या ज्या गाड्या लागल्यात ना, त्या सगळ्या पेरू तोडायला आलेल्यांच्या आहेत. चिनी पेरू म्हणतात इथं त्याला, मूळचा आहे ब्राझीलचा, पण असो. बोराएवढा, लालभडक, आंबटगोड. चिंच, मिरची, मीठ लावून खातात, अगदी आपल्याकडे शाळेच्या गेटबाहेर मिळायचा तसाच. चवीला एक नंबर. आणि या बेटाच्या जंगलाचा एक नंबरचा वैरीही हाच! कसा ते बघू, पण त्याआधी चारेकशे वर्षं मागे जावं लागेल.

सगळा मॉरिशस देश मिळून साधारण २,०४० चौरस किलोमीटर, आपल्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात असे चार बसतील. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे चौरस किलोमीटरला सहाशेच्या वर. पण १५९८ मध्ये डच जहाजं इथं लागली तेव्हा या बेटावर एकही माणूस राहत नव्हता. किनाऱ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत रानच रान, त्यात डोडो, मोठाली कासवं आणि आबनूस. आबनूस म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच घराण्यातलं झाड, ज्याच्या पानांच्या आपण विड्या वळतो, फक्त इथल्या झाडाचा गाभा काळाकुट्ट आणि युरोपात त्याला सोन्यासारखा भाव.

१६३८ मध्ये डचांनी वस्ती केली, आबनूस तोडला, ऊस आणला, जावा बेटावरून हरणं आणली, डुकरं, उंदीर, माकडंही येऊन पोचली. स्वतः मात्र काही टिकले नाहीत, १७१० मध्ये बेट सोडून गेले. जनावरं राहिली, आणि मला विचाराल तर कुऱ्हाडीपेक्षा तीच जास्त महागात पडली.

मग आले फ्रेंच. त्यांच्यात पियेर प्वाव्र नावाचा एक अधिकारी होता, त्यानं १७६९ मध्ये नियम काढला की ज्याला जमीन दिली त्यानं चौथा हिस्सा जंगल ठेवायचं, त्यातही डोंगरउतारावरचं आधी, कारण झाडं गेली की पाऊस जातो. १७६९ मध्ये! पुण्यात तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते. नियम भारीच होता, पाळला किती गेला ते पुढं दिसतंच.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, १८२५ मध्ये इथल्या साखरेवरचा ब्रिटनमधला जादा कर काढला, आणि मग ऊस म्हणजे ऊसच. गुलामगिरी संपत आली तसे १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर यायला लागले, त्यात मुंबई बंदरातून आलेली आपली कोकणातली माणसंही होती, ज्यांची पणतवंडं आज इथं गणपती बसवतात, झाकरी नाचतात, गणेश चतुर्थीला तर देशभर सुट्टी असते. उसाच्या शेतात मधेच काळ्या दगडांच्या ज्या राशी दिसतात ना, त्या अशाच मजुरांच्या हातांनी लागल्यात. जंगल काढलं, दगड वेचले, ऊस लावला. कारखान्यांना जळण लाकडाचं, त्यात १८६४ पासून रेल्वे, तिलाही लाकूड हवंच.

१८६७ मध्ये हिवतापानं एका वर्षात जवळपास ४० हजार माणसं गेली, सगळ्या बेटाची वस्ती तेव्हा साडेतीन लाखांच्या आत होती. डास बहुतेक जहाजातून आले, पण तोडलेल्या रानाकडेही लोक बोट दाखवायला लागले. राजधानी पोर्ट लुईतली पैसेवाली मंडळी घाबरून वर पठारावर थंड हवेत क्युरपिपला राहायला गेली, आणि गंमत बघा, तिथं घरं बांधायला उरलंसुरलं रानच तोडलं!

नंतर सरकारनं जमिनी परत विकत घेतल्या, नदीकाठ आणि डोंगर राखीव केले, झाडं लावली. पण कुठली, तर पाइन, निलगिरी, किनाऱ्याला सुरू. १९७० च्या दशकातसुद्धा ले मार नावाची दलदलीतली मूळ झाडी काढून तिथं पाइनच लावला.

म्हणून या देशात जंगल किती असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, मोजणार काय? वनखात्याचा हिशोब साधारण चौथा हिस्सा, जागतिक मोजणीत पाचवा हिस्सा, त्यात पाइनही आला आणि शिकारीसाठी हरणं पाळलेली खासगी रानंही आली. चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल मात्र २ टक्क्यांच्या आसपास. ड्रोन वर नेला की सगळं सारखंच हिरवं दिसतं, तिथंच फसायला होतं.

आणि आता आपला पेरू. माकडं, डुकरं तो खातात, बी सगळीकडे पोचतं, दाट जाळी होते, खाली उजेड पडत नाही. वर दोनशे वर्षांचं झाड उभं असतं आणि त्याच्याखाली त्याचं एक रोप नसतं. १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान झालं, तिथं तुकड्या-तुकड्यांना कुंपण घालतात, पेरू हातानं उपटतात, परत उगवला की परत उपटतात. कुंपणानं हरीण, डुक्कर अडतं, माकडाला कोण अडवणार?

शेवटचा शॉट इल ओ एग्रेतचा, माहेबूर्ग गावासमोरचं २६ हेक्टरचं बेट. इथली मूळ कासवं कधीच संपली, म्हणून २००० पासून सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची मोठाली कासवं आणून सोडलीत. ती आबनुसाची फळं खातात, निवांत फिरतात आणि जिथं शेण टाकतात तिथं रोपं येतात. हे बघा, या दगडाच्या फटीत, बोटभर आहे अजून.