काच कुणाची होती?

मी वकील आहे. आंदोलनात दगडफेक झाली की तुमच्या वयाची कॉलेजातली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, मी दगड मारला नाही, मी नुसता उभा होतो." बहुतेकदा ते खरं असतं. पण पाच किंवा त्याहून जास्त माणसं गैर उद्देशाने जमली की कायदा त्याला बेकायदेशीर जमाव म्हणतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० प्रमाणे त्या उद्देशासाठी एकाने केलेला गुन्हा सगळ्यांच्या अंगावर येतो. निव्वळ बघ्याला कायदा गुन्हेगार धरत नाही. मात्र तुम्ही बघे होतात की सामील, हे ठरेपर्यंत तारखा पडत राहतात.

दुसरा प्रश्न असतो काच कुणाची होती. खासगी दुकानाची असेल तर संहितेचं कलम ३२४ नुकसानीची रक्कम बघतं. किरकोळ असेल तर सहा महिन्यांपर्यंत, वीस हजार ते एक लाखापर्यंत दोन वर्षं, लाख किंवा त्यावर गेलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. एसटीची असेल तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्तेचा कायदा लागतो. सार्वजनिक वाहनाच्या नुकसानीला त्यात किमान सहा महिने सक्तमजुरी आहे, कमाल पाच वर्षं, वर दंड. किमानपेक्षा कमी शिक्षा द्यायची तर न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. आग लावली असेल तर एक ते दहा वर्षं.

एक प्रकरण सांगतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, वय १९. गावच्या थांब्यावर गाडी थांबत नाही म्हणून पोरांनी रस्ता अडवला. मागणी रास्त होती, आजही मला ती रास्तच वाटते. पंचनाम्यात होतं, "समोरील काचेस डाव्या बाजूस तडा, आसन क्र. ३ व ४ वर काचेचे तुकडे." जामिनासाठी वडील सातबारा घेऊन आले. उताऱ्यावर तीन भावांची नावं. भावांना कळू नये म्हणून ते दोन दिवस दुसरा जामीनदार शोधत फिरले, आणि ते दोन दिवस मुलगा कोठडीत होता.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. कॉलेजच्या मालमत्तेचं नुकसान झालं की केबिनमध्ये बोलावून माफीपत्र लिहून घेतात. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, पण हे माफीपत्र चालू शकतं. भरपाई जरूर द्या, केलं असेल तर माफीही मागा. फक्त घाबरून, दुसऱ्याने सांगितलेला मजकूर लिहून देऊ नका. घरच्यांना आणि वकिलाला आधी विचारा.

कायद्याने तुमच्या वयाची कदर केलेली आहे. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियमाचं कलम ६ सांगतं की एकवीस वर्षांखालच्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, शक्यतो तुरुंगात पाठवू नये. पाठवायचंच तर त्याची कारणं नोंदवावीत. चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडता येतं, आणि अशी सुटका झाली तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही लागत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच स्पष्ट केलंय की वय मोजायचं ते खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलं त्या दिवशीचं, गुन्ह्याच्या दिवशीचं नाही. म्हणजे खटला रेंगाळला आणि तुम्ही बावीसचे झालात, तर कलम ६ चा आधार गेला. मग उरते ती न्यायाधीशांची मर्जी. म्हणून "वकीलसाहेब, पुढची तारीख घ्या" असं म्हणणाऱ्या मुलांना मी बसवून घेतो आणि हे समजावतो. खटला चालू असताना पासपोर्ट हवा असेल तर न्यायालयाची परवानगी लागते, हेही लक्षात ठेवा.

आणि नोकरीच्या फॉर्ममधला तो रकाना, "आपल्यावर फौजदारी गुन्हा दाखल आहे काय?" २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती खरीच दिली पाहिजे. लहान वयातल्या घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब असेल, तर लपवल्याबद्दलही मालक माफ करू शकतो. पण ते त्याच्या हातात, तुमच्या नाही.

एसटीवाल्या त्या मुलाने गेल्या वर्षी भरतीचा फॉर्म भरला. रात्री साडेअकराला फोन, "सर, ‘नाही’ लिहू का?" मी म्हटलं, सकाळी ये. तो आला, त्याने "होय" लिहिलं. रकाना अपुरा पडला म्हणून पुरवणी कागद जोडला, त्यावर गुन्हा क्रमांक, कलमं आणि पुढची तारीख.