शिंगांच्या पुलावरचा प्रश्न

मंडळी, मला पाच मिनिटं दिली आहेत आणि मागे साबुदाणा वडे तळायला घेतलेत. तेव्हा माझं काय होणार ते दिसतंच आहे.

गेल्या रविवारी ब्रिस्टलच्या बंदरावर धाकटीनं विचारलं, "बाबा, तेव्हा आपण कुणाच्या बाजूला होतो?" आम्ही पेरोच्या पुलावर उभे होतो. आपला तो शिंगांचा पूल. निम्म्या मराठी मंडळाचे डीपी तिथलेच. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर १२व्या वर्षी गुलाम म्हणून विकला गेलेला पेरो पुढे मालकाबरोबर ब्रिस्टलला आला, इथं त्याच्या घरी राबला. मी म्हटलं, "कुणाच्याच नाही. आपला काय संबंध?"

घरी थोरल्यानं मला धरलं. (इतिहास शिकतो, खोलीचं भाडं मी भरतो.) १८३३च्या कायद्यानं ब्रिटिश वसाहतींतली गुलामी संपवायची ठरली, त्याची भरपाई २ कोटी पौंड. ती मालकांना. गुलामांना छदामही नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज फिटलं २०१५ साली. "बाबा, तुम्ही २००३पासून टॅक्स भरताय ना?" मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मीही भरते."

आपण इथं स्वतःच्या कष्टानं वर आलो, हे आपलं आवडतं वाक्य. १९६३ साली या शहरातल्या बसवर काळ्या-सावळ्या माणसाला ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसत. पॉल स्टीव्हनसन आणि वेस्ट इंडियन मंडळींनी बहिष्कार पुकारला, चार महिने रेटला, २८ ऑगस्टला कंपनी नमली. आणि पहिला बिगरगोरा कंडक्टर कोण? रघबीर सिंग. झगडले ते, तिकिटं फाडायला उभा राहिला आपल्याकडचा माणूस.

आणि घर शोधणाऱ्या नव्या जोडप्याला आपण पहिला सल्ला काय देतो? "त्या भागात नको हो, तिकडं 'ते' राहतात." मीही दिलाय, याच हॉलमध्ये, पोह्यांची बशी हातात धरून. स्थळाच्या माहितीपत्रकात रंगाचा रकाना आपण अजून भरतो. माझ्या पत्रिकेसोबत वडिलांनी 'निमगोरा' लिहून पाठवलं होतं. बघा माझ्याकडे, आणि हसा.

काल झोपताना धाकटीनं पुन्हा तेच विचारलं. या वेळी 'काय संबंध' म्हणायला जीभ वळली नाही. म्हटलं, आईला विचार. तिची आई पहिल्या रांगेत बसलीय. तिनंही अजून सांगितलेलं नाही.