माळावरची नोकरी

(लघुपटाचे निवेदन)

[दृश्य: उजाडतानाचा माळ. वाऱ्यावर वाकणारं गवत. सुरुवातीला फक्त वारा, मग निवेदन.]

सोलापुरातून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. हा सगळा पट्टा नकाशावर आला तो माळढोक पक्ष्यामुळे. १९७९ साली इथे अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं आली, गावठाणं आली, जमिनीचे खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले. पक्ष्याचं नाव काढलं तरी माणसं चिडायला लागली. पुढे क्षेत्र कमी करत १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक आता इथे अपवादानेच दिसतो.

आम्हालाही दिसला नाही. त्यामुळे या लघुपटात माळढोक नाही. तो ज्या गवतातून चालायचा ते गवत आहे, आणि ते राखण्याची नोकरी करणारी, सोलापुरातल्या एका पर्यावरण संस्थेची माणसं आहेत.

[दृश्य: गवतात वाकलेल्या बायका. हात जवळून.]

दिवाळीच्या पुढेमागे बी गोळा करण्याचं काम चालू होतं. आज पवन्या गवताचं. डाव्या हाताने ताट धरायचं आणि उजव्या हाताच्या चिमटीने तुरा खालून वर ओढायचा. पिकलेलं बी हातात येतं, कच्चं ताटालाच राहतं. दव वाळल्याशिवाय तुऱ्याला हात लावायचा नाही, कारण ओलं बी पोत्यात गरम होतं आणि बुरशी धरतं. आणि ऊन चढून वारा सुटला की पिकलेलं बी आपणहून उडून जातं. मधल्या दोन-अडीच तासांत जे हाताला लागेल तेवढंच त्या दिवसाचं.

या सगळ्या जवळपासच्या गावातल्या. एरवी खुरपणीला, ज्वारीच्या काढणीला जातात. त्यांच्यात एक अक्का आहेत, हिरव्या लुगड्यातल्या. संस्थेत कामाला आलेल्या नव्या पोरांना गवत ओळखायला त्याच शिकवतात. पोरं वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन येतात, पण फुलोरा नसेल तर गवतापुढे गप्प उभी राहतात. अक्का पेर चावून सांगतात, हा मारवेल, हा नाही.

[दृश्य: अक्का काडी चावतात, मान हलवतात. मूळ आवाज ठेवा, निवेदन नाही.]

[दृश्य: कुसळाचा अगदी जवळून घेतलेला शॉट. ओल्या मातीवर एक बी.]

ही कुसळी, माळावरचंच आणखी एक गवत. माळावरून चालून आलेल्या प्रत्येकाने आपल्या पायजम्यातून ही उपटलेली आहे. बियाच्या एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार तोंड, दुसऱ्या टोकाला लांब काळसर शेपूट. शेपूट कोरडं असताना पिळदार असतं. पाण्याचा थेंब पडला की पीळ सुटायला लागतो आणि सगळं बी स्वतःभोवती फिरतं. आता बघा. हे फिरणं थेट त्या तोंडापर्यंत पोचतं, आणि बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. तोंडाजवळचे बारीक केस मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे आत गेलेलं बी पुन्हा बाहेर सरकत नाही. पाऊस, ऊन, पुन्हा पाऊस, असं करत ते आपली पेरणी आपणच करतं.

मेंढपाळ मात्र पिकलेल्या कुसळीच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. हेच तोंड मेंढीच्या लोकरीतून कातडीत जातं. गवत कोवळं असताना चारलं तर उत्तम वैरण, तुरा आला की दूर राहायचं.

[दृश्य: संस्थेच्या कार्यालयाची गच्ची. वाळत घातलेलं बी.]

सोलापूर शहरात संस्थेच्या दोन खोल्या आणि ही गच्ची. सोलापुरात वाळवणाला जुनी चादर अंथरणं हे ओघानेच येतं, पण कुसळ चादरीच्या विणीत असं रुतून बसतं की झाडून निघत नाही. म्हणून ताडपत्री. बी दोन दिवस उन्हात, मग सावलीत, मग कापडी पिशव्यांत. पिशवीवर गवताचं नाव, गावाचं नाव, तारीख. ताजं बी लगेच पेरलं तर कमी उगवतं, काही महिने थांबलं की उगवण सुधारते. मृगाच्या आसपास हेच बी शेणमातीत कालवून माळावर फोकतात. नुसतं फोकलं तर ते वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या बांधावर.

[दृश्य: कुदळी, पहारी, खणलेली मुळं.]

पण फोकायला जागा पाहिजे. या माळांवर एकेकाळी हिरवळ करायची म्हणून ग्लिरिसिडिया लावला गेला. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. तोडलं की बुडख्यातून चार फांद्या फुटतात. त्याच्या दाट सावलीत गवत धरत नाही, आणि उघड्या माळाची सवय असलेले धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी तिथून उठतात. वेडी बाभूळ आहे ती वेगळीच. म्हणून तोडायचं नाही, मुळासकट खणून काढायचं. मुरूम कसला कडक असतो ते या शॉटमध्ये पहारीच्या आवाजावरून कळेल.

झाडं काढणारी पर्यावरण संस्था! पाहुण्यांना हे पटवताना यांचा निम्मा जीव जातो. २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीच्या दिवसांत तर रोपं घेऊन माळावर आलेल्या लोकांना हात जोडून परत पाठवायची वेळ यायची. हौसेने आलेली माणसं, शाळेची मुलं, त्यांना नाही कसं म्हणायचं? देणगीदार कंपन्यांच्या अर्जात आजही पहिला रकाना असतो तो झाडांच्या संख्येचा. गवत तिथे कसं भरायचं?

[दृश्य: मेंढ्यांचा कळप, पुढे काठी घेतलेले मामा.]

हे मामा धनगर आहेत आणि संस्थेचे राखणदारही. कळप स्वतःचा, माळावरची देखरेख संस्थेची. थंडीत जाळरेषा काढायच्या, गवताचे पट्टे आधीच जाळून ठेवायचे, म्हणजे उन्हाळ्यात वणवा लागला तर एका पट्ट्यात थांबतो. हे काम त्यांच्याशिवाय होत नाही. वारा कुठून येतो आणि विडी ओढणारे कुठे बसतात, दोन्ही त्यांना माहीत.

[दृश्य: मामा काठीने विष्ठा उलगडतात. आत केस.]

ही लांडग्याची. आतले केस सशाचे, असं मामांचं म्हणणं. मेंढीचे असते तर इतक्या शांतपणे दाखवले असते का, हा प्रश्न आम्ही विचारला नाही.

[दृश्य: लांडगा. लांबून, गवताच्या वर फक्त कान आणि पाठ. निवेदन नाही. शॉट कापू नये.]

लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेंढी गेली तर वन खात्याकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी पंचनामा लागतो, फोटो लागतो, मुदतीत अर्ज लागतो. तो अर्ज भरून देणं हे संस्थेचं काम. मामांच्या मते संस्थेचं खरं काम तेवढंच, बाकी सगळा पोरांचा उद्योग.

[दृश्य: टेबलावर उघडलेला गावनकाशा, पुस्ती लावून चिकटवलेला.]

आता ताई. हिशेब त्यांच्याकडे, धर्मादाय कार्यालयाचे कागद त्यांच्याकडे, आणि गायरानाचे उतारेही त्यांच्याकडेच. गवत सरकारी जमिनीवर उगवतं, त्यामुळे कुठला गट वनखात्याचा आणि कुठला महसूलचा हे आधी ठरवावं लागतं. वनजमीन गाव नमुना १-अ मध्ये, सरकारी जमीन १-ब मध्ये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जमीन गुरचरणासाठी राखून ठेवता येते, आणि तशी नोंद असली तर बोलायला जागा राहते. नसली तर उद्या तिथे काय उभं राहील ते सांगता येत नाही, कारण सरकारी मोजदादीत माळरान बहुतेक वेळा ओसाड जमिनीत धरलं जातं. ताई नोंद शोधतात, मोजणीचा अर्ज करतात, ग्रामसभेपुढे ठराव ठेवायला सांगतात. कचेऱ्यांच्या आत कॅमेरा नेता आला नाही, म्हणून तुम्हाला फक्त जिना दिसतो आहे. त्या जिन्यावर गेलेले तास या लघुपटात मावणारे नाहीत.

[दृश्य: एक मीटरची लोखंडी चौकट गवतात टेकवलेली. दोन मुलं वहीत लिहितात.]

जिथे बी फोकलं तिथे ही चौकट ठेवून आतली गवतं मोजतात. देणगीदारांच्या रकान्याला यांनी काढलेलं हे उत्तर.

गवत वाढलं की भांडणंही येतात. कापायचं कोणी, चारायचं कोणी, लिलावाचे पैसे कोणाचे. एका गावात त्यावरून काम वर्षभर थांबलं. मधल्या काळात पगारही थकले, आणि दोन पोरं पुण्याला निघून गेली.

[दृश्य: टेम्पोत पिशव्या चढवताना सगळे.]

यंदा शेजारच्या एका गावाने स्वतःहून बी मागितलं आहे. सरपंच, दोन सदस्य आणि एक शिक्षक कार्यालयात येऊन गेले. अक्का बी मोजून द्यायला तयार आहेत. ताईंनी पिशव्या अजून सोडलेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, आधी गायरानाच्या मोजणीचा नकाशा आणा, मग बी न्या.

[श्रेयनामावली]